सल्ल्याचा विसार

आपल्याकडे सल्ला ही फुकट द्यावयाची आणि फुकट घ्यावयाची वस्तू मानली गेली आहे. वैद्य, वकील आणि जोशी हे काय ते तिघे अपवाद. आणि त्यांतही वैद्याला पैसे मिळतात ते पुष्कळदा पुडीचे, जोशाला मिळते ती दक्षिणा. हातात काही जिन्नस न पडता नुसत्या बुद्धीला रोख मोबदला द्यावयाचा म्हटले, की एरवी सढळ असलेल्या माणसाचाही हात खिशापाशी अडखळतो. मी स्वतः महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा प्राध्यापक. माझ्या बुद्धीचे मोल, बरे की वाईट, वेतन आयोगाने ठरवून दिलेले. त्यामुळे हा अडखळणारा हात जवळून पाहण्याचा योग मला आला नव्हता. तो आला माझ्या भाचीच्या व्यवसायामुळे.

ही भाची सांगलीत, विश्रामबागेत राहते आणि लोकांना त्यांच्या घरांची आतली रचना करून देते. इंग्रजीत ह्याला इंटीरियर डिझाईन म्हणतात, आणि आता मराठीतही तेच म्हणतात. 'गृहशोभन' हा शब्द मी तिला सुचविला तेव्हा ती म्हणाली, "मामा, ह्या शब्दाची पाटी लावली तर लोक मला तोरणं बांधायला बोलावतील." तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिचे काम शोभेचे थोडे आणि सोयीचे फार असते. स्वयंपाकाचा ओटा त्याच्यापाशी सर्वांत जास्त वेळ उभे राहणाऱ्या माणसाच्या उंचीला बेतावयाचा. आजोबांच्या खोलीतील दिव्याचे बटन अंथरुणावरून हाताला लागावे. दोन भावंडांची अभ्यासाची टेबले अशी मांडावयाची की एकाला दुसऱ्याची पाठ दिसावी, तोंड दिसू नये. गौरीगणपतीच्या आराशीपुरती दिवाणखान्याची एक भिंत मोकळी राहावी. असल्या शंभर गोष्टींचा विचार करून ती नकाशे काढते. एडिथ व्हॉर्टन ह्या अमेरिकन लेखिकेने कादंबरीकार म्हणून नाव मिळविण्यापूर्वी, १८९७ साली, ऑग्डन कॉडमन ह्या वास्तुतज्ज्ञाबरोबर घरांच्या सजावटीवर एक पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट मी तिला मोठ्या हौसेने सांगितली. तिने विचारले, "बाईंना फी कोण देत होतं?" बाई गर्भश्रीमंत होत्या, असे मला सांगावे लागले.

फीचा प्रश्न तिच्या धंद्यात असा गळ्याशी आलेला असतो. १९७२ साली आपल्या देशात वास्तुविशारदांचा कायदा झाला आणि 'आर्किटेक्ट' हे नाव लावण्याचा अधिकार नोंदणी झालेल्यांपुरता राहिला. त्याच साली 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटीरियर डिझायनर्स' ही संस्थाही निघाली. परंतु ती व्यावसायिकांनी आपणहून स्थापिलेली संस्था आहे, कायद्याने नेमलेले मंडळ नव्हे. तेव्हा घराच्या आतल्या रचनेची पाटी आजही कोणी लावावी. सुतार लावतो, प्लायवूडचा दुकानदार लावतो, तयार स्वयंपाकघरे विकणारी कंपनीही लावते. आणि 'डिझाईन फुकट' असे त्या पाटीखाली लिहिलेले असते. संगणकावर काढलेले रंगीत चित्र ग्राहकाच्या मोबाईलवर दुसऱ्या दिवशी हजर होते. मग नुसत्या नकाशाचे वेगळे पैसे मागणारी ही बाई त्याला लोभी वाटली तर त्याला दोष कसा द्यावा?

हे फुकटचे चित्र कितपत फुकट असते, ते मात्र कोणी विचारीत नाही. प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, नळ ह्यांच्या दुकानांतून गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला टक्केवारी देण्याची चाल आहे. सल्ला फुकट मिळाला म्हणून जो गृहस्थ खूश होऊन घरी जातो, त्याच्याच सामानाच्या बिलात ती टक्केवारी साखरेसारखी विरघळलेली असते. सल्लागाराला उघड फी मिळत नाही म्हणून तो ती घेतो. आणि ती घेतो म्हणून पाच रुपयांच्या जिनसेने भागत असता आठ रुपयांची जिन्नस सुचविण्याचा मोह त्याला पडतो. सगळेच त्या मोहाला बळी पडतात असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या व्यवहारात प्रामाणिक राहण्यासाठी माणसाला रोज आपल्या पोटाशी भांडावे लागते, तो व्यवहार निकोप कसा म्हणावा?

गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका सुखवस्तू कुटुंबाचे काम भाचीकडे आले. जुना वाडा पाडून तेथे नवे तीन मजली घर झाले होते. तीन महिन्यांत तिने पाच खेपा केल्या. प्रत्येक खेपेला 'ताई आल्या' म्हणून स्वागत झाले, जेवल्याशिवाय निघू दिले नाही, आणि निघताना कंदी पेढ्यांचा पुडा हातावर ठेवला गेला. नकाशे तयार झाले, मापांसह त्यांच्या मोबाईलवर गेले, आणि मग 'ताईं'ना येण्याचे कारण उरले नाही. दोन महिन्यांनी कळले की गावातल्याच एका सुताराकडून त्याच नकाशाबरहुकूम सगळे काम चालू आहे. तिने फोन केला तेव्हा मालक हसून म्हणाले, "अहो ताई, तुम्ही काय परक्या आहात का? घरच्या माणसाचा हिशेब असा फोनवर करायचा असतो होय? या की एकदा, बसून बघू."

ह्या 'ताई'चा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या भाषेतील नात्याचे शब्द फार गोड आहेत. अनोळखी भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणणारा समाज मला आवडतो, आणि त्याऐवजी कोरडे 'मॅडम' यावे असे मी म्हणणार नाही. पण मावशीला मावशी म्हणून आपण भाजी फुकट आणीत नाही. उलट तिच्याशी रुपयासाठी घासाघीस करतो आणि पैसे रोख मोजतो. भाजी डोळ्यांना दिसते. नकाशा दिसतो तोही कागदच, आणि कागद तर रद्दीतही येतो! म्हणून नात्याचा शब्द नेमका तेथे, अदृश्य वस्तूच्या जागी, पावतीसारखा वापरला जातो. ज्याला ताई म्हटले तिचे देणे त्या हाकेतच फिटले. आणि तिने तरीही बिल पुढे केले, तर नाते तोडल्याचे पाप तिच्या माथी.

ते बिल घेऊनच ती एके दिवशी साताऱ्यास निघाली. मलाही परीक्षेच्या कामासाठी तिकडे जावयाचे होते, म्हणून आम्ही दोघे सकाळच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलो. भिलवडी मागे पडली तोच तिने मोबाईल काढला, एक इअरफोन आपल्या कानात घातला, दुसरा मजपुढे धरला आणि म्हणाली, "मामा, तुमच्या इंग्रजीचा आज जरा उपयोग होऊ द्या." कानात एका अमेरिकन बाईंचा ठसठशीत आवाज येऊ लागला. त्या बोलत होत्या पैशाविषयी.

ह्या प्रकाराला पॉडकास्ट म्हणतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. २००४ साली 'गार्डियन' ह्या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्स्ली ह्या पत्रकाराने 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' ह्या दोन शब्दांचा सांधा जुळवून हा शब्द लिहिला. आयपॉड हे यंत्र २००१ साली निघाले आणि २०२२ साली त्याचे उत्पादन थांबले. यंत्र गेले, शब्द राहिला. घरांची सजावट करणाऱ्यांना धंदा शिकविणारे असले कार्यक्रम अमेरिकेत बरेच आहेत. त्यांतला एक बराच ऐकला जाणारा कार्यक्रम, 'अ वेल-डिझाइन्ड बिझनेस', लुॲन नायगारा नावाच्या बाई २०१६ पासून चालवितात. ह्या बाई स्वतः सजावटकार नव्हेत. न्यू जर्सीत त्यांचे खिडक्यांचे पडदे वगैरे विकण्याचे दुकान आहे. वर्षानुवर्षे सजावटकारांशी व्यवहार करताना, ह्या लोकांना रंग कळतात पण हिशेब कळत नाही, असे एखाद्या दुकानदाराच्या ध्यानी यावे ह्यात नवल ते काय!

असल्या कार्यक्रमांतून जे बोलले जाते ते ऐकून माझ्यासारख्या साहित्याच्या माणसाचे कान प्रथम थोडे अंग चोरतात. फी तासावर घ्यावी, ठोक घ्यावी, की एकूण खर्चाच्या प्रमाणात घ्यावी. कामाला हात लावण्यापूर्वी किती रक्कम हातात असावी. करारात काय लिहावे. ग्राहक 'एवढे तेवढे' वाढवू लागला तर त्याला गोड शब्दांत कसे थांबवावे. सामान विकणाऱ्याकडून मिळणारी सूट ग्राहकाला सांगावी की नाही, सांगितली तर कोणत्या शब्दांत. मधूनमधून उत्साहाचा जो पूर येतो तो मला आजही सोसत नाही. प्रत्येक अडचण ही संधी असते असे कोणी सांगू लागले, की माझा हात बटनाकडे जातो. पण तेवढा फेस बाजूला सारला तर खाली उरते ते खरे दूध होते. एका धंद्यातली माणसे एकमेकांना आपले आकडे सांगत होती. कोणी कबूल करीत होती की पहिली चार वर्षे आपण फी मागायलाच लाजलो. आमच्याकडे एका गल्लीत दुकान असलेले दोन सजावटकार एकमेकांना मुलांचे मार्क सांगतील. टक्केवारी सांगणार नाहीत.

एवढ्यात गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. ह्या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. सातारा आणि सांगली ही आज दोन जिल्ह्यांची नावे आहेत. १९४९ साली सांगलीकडचा भाग वेगळा निघाला तेव्हा त्याला दक्षिण सातारा म्हणत, १९६० साली त्याचे सांगली झाले. पण १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे आले तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता आणि ह्या माळावर निवडुंग आणि नाग ह्यांची वस्ती होती. ही सारी कथा मराठी वाचकाला पाठ आहे: लोखंडी नांगराने जमीन विषारी होते ह्या समजुतीमुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, वगैरे. मला त्या दिवशी फलाटाकडे पाहताना आठवले ते निराळेच. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे त्यांना ती सोडावी लागली आणि ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. त्यांना जमीन आणि कर्ज देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. आणि त्याच घराण्यातले शंकरराव किर्लोस्कर, ज्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, तेही पंडित सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकून आलेले. लोखंडाच्या ह्या कारखान्याभोवती चित्रकारांचा असा मेळावा जमला होता.

'खबर' प्रथम निघाली ती कारखान्याचे घरगुती पत्र म्हणून. नांगर घेणारे, नांगर विकणारे, नांगर बनविणारे ह्या सर्वांशी कारखान्याने बोलावे हा तिचा हेतू. पुढे तिच्या नावातून 'खबर' गळून पडले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे तिला झाली, आणि त्या मासिकांतील कथांनी व सुधारणेच्या लेखांनी आमच्या आजीआजोबांची पिढी घडविली. आम्ही प्राध्यापक मंडळी व्याख्यानांतून ह्या कथांचे आणि लेखांचे गुण गातो. ही गंगा नांगराच्या जाहिरातीतून उगम पावली हे मात्र जरा खालच्या आवाजात सांगतो. शंकररावांना त्याची लाज नव्हती. धंदा करावा कसा ह्यावर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. गिऱ्हाईकाशी सरळ भाषेत बोलणे हीही लेखनकला आहे, असे त्या माणसाला मनापासून वाटत असले पाहिजे.

भाचीला हे सांगितले तेव्हा तिने इअरफोन काढून ठेवला. "म्हणजे हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होतं?" मी म्हटले, "होते; आणि तुझ्या ह्या बाईंच्या गावापेक्षा जवळ होते." मग ताकारीपासून कराडपर्यंत तीच बोलत होती. अमेरिकन आवाजाला काय ठाऊक नसते ते तिने मला सांगितले. तेथे ग्राहक म्हणजे एक नवरा आणि एक बायको. येथे पैसे सासऱ्यांचे, निर्णय मुलाचा, स्वयंपाकघर सुनेचे, आणि शेवटचा शब्द देवघराची दिशा पाहावयास आलेल्या वास्तुशास्त्र्याचा. करारावर सही कोणाची घ्यावयाची? तेथे भिंती लाकडाच्या. येथे ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि सांगलीच्या खालच्या वस्त्यांतून तळमजल्याची कपाटे भिजलेल्या पावासारखी फुगली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची रास त्या पंधरवड्यात रस्तोरस्ती पडली होती. २०२१ साली पुन्हा पाणी आले. तेव्हापासून ती नदीकाठच्या घरांत खाली कडप्पा आणि लोखंड वापरते, लाकूड घ्यावेच लागले तर पाण्यात टिकणारे, आयएस ७१० मानकाचे प्लायवूड घेते, आणि विजेची बटने पूररेषेच्या वर चढविते. "हे ज्ञान मला कुठल्याही पॉडकास्टमधून मिळालं नाही," ती म्हणाली, "आणि माझ्याकडून कोणी विकतही घेत नाही. पुरानंतर चार महिने लोक फुकट विचारायला मात्र येत होते."

साताऱ्याचे स्थानक गावापासून लांब आहे. रिक्षात बसण्यापूर्वी तिने बिलाचा लिफाफा पुन्हा एकदा उघडून आकडा पाहिला. संध्याकाळी परतताना तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. लिफाफा त्यांनी ठेवून घेतला होता. "बघू की ताई, एवढी कसली घाई."

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने दोन गोष्टी केल्या. दुकानांची टक्केवारी घेणे बंद केले आणि फीचा आकडा छापून टेबलावर ठेवला. त्या महिन्यात हाताशी आलेली दोन कामे तो आकडा वाचून परत गेली. ह्या मुलीच्या घराचे हप्ते चालू आहेत, हे मला ठाऊक असल्यामुळे मी थोडा घाबरलो. दुसरी गोष्ट म्हणजे तिने स्वतःच मराठीत बोलायचे ठरविले. ध्वनिमुद्रणासाठी ती कपड्यांच्या कपाटात शिरून बसते. लोंबणाऱ्या साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. कपाटे करणारीने कपाटात बसून कपाटांविषयी बोलावे, ह्यावर घरात बराच विनोद झाला. तो ऐकताना मला शेतावरच्या पंपाच्या खोपीत खुंटीला अडकविलेला ट्रान्झिस्टर आठवला. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली झाले. माझ्या लहानपणी दाऱ्यावर उभा असलेला माणूस हातात फावडे असताना त्यावर हळदीचे आणि उसाचे शहाणपण ऐके. ज्याचे हात कामात गुंतले आहेत त्याच्याजवळ कान तेवढे मोकळे असतात. सुतार, गवंडी, रंगारी, आणि गाडीने फिरणारी ही भाची, सगळे त्याच जातीचे.

मजकडे तिने एकच काम सोपविले: शब्दांचे. काम सुरू करण्यापूर्वी घ्यावयाच्या रकमेला अमेरिकन बाई 'रिटेनर' म्हणतात. त्याला मराठी काय? मी शब्दकोश उघडण्यापूर्वीच तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विसार. दुसरं काय?" खरेच, दुसरे काय! जमिनीचा सौदा असो, म्हैस असो, लग्नातला बँड असो, साताऱ्या-सांगलीकडे विसार दिल्याशिवाय कशावरही हक्क सांगता येत नाही. आणि विसार घेतल्यावर शब्द फिरविणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखविता येत नाही. ग्राहक जे काम जाता जाता वाढवितो त्याला त्या इंग्रजीत एक लांबलचक संज्ञा आहे. आम्ही तिला 'जाता जाता' हेच नाव दिले. 'जाता जाता'चे दर वेगळे पडतील, असे वाक्य करारात लिहून पाहिले आणि ते चांगले दिसले. 'फी' तशीच ठेवली. 'मेहनताना' हा शब्द मला फार आवडतो, परंतु भाचीच्या मते त्यात अंगमेहनतीचा वास येतो आणि लोक पुन्हा विचारतील, तुम्ही मेहनत ती कोणती केली?

आतापर्यंत तीन भाग झाले आहेत. ऐकणारे थोडेच आहेत. दुसऱ्या भागात तिने प्लायवूडच्या टक्केवारीचा हिशेब आकड्यांनिशी सांगितला, त्यावर दोघा दुकानदारांनी तिच्याशी बोलणे सोडले. एकाने उलट आपल्या दुकानात सर्वांना एकच भाव असल्याची पाटी लावली, ती खरी की खोटी हे अजून ठरावयाचे आहे. साताऱ्याच्या लिफाफ्याचे उत्तर आलेले नाही. मात्र गेल्या आठवड्यात तिला कराडच्या एका सुताराचा फोन आला. गिऱ्हाईक चार सुतारांकडून लेखी अंदाज मागविते, प्रत्येकाचा एक दिवस माप घेण्यात जातो आणि काम एकालाच मिळते, तेव्हा, "ताई, माप घेण्यापुरता विसार मागितला तर चालेल का हो?" असे तो विचारीत होता. चौथा भाग त्याच प्रश्नावर करावयाचा आहे, आणि तो सुतारच त्यात बोलावयास तयार झाला आहे. कोटेशनला मराठीत काय म्हणावे, असे भाचीने मला विचारले. मी म्हटले, कराडचा सुतार म्हणेल तेच म्हण.